काकांच्या सिंफनीचा शेवट

संगीतावर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणसांवर लिहायचा आहे की नाही, याचीही खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. वडील मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आई घरात होती, आणि घर म्हणजे आंबिवलीची एक खोली होती. कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि तिथून मी सेकंड क्लास घेऊन बाहेर पडलो. ज्या विषयावर आता लिहायला बसलोय त्यात तर माझी इयत्ता आजही बिगरीच आहे. परदेशी वाद्यसंगीत सुरू झालेलं मला कळतं, पण संपलेलं कळत नाही. टाळी वाजवायला मी नेहमी सगळ्यांच्या आधी हात उचलतो आणि मग डोकं खाजवल्यासारखं करतो. तरीही लिहितोय. काका स्वतः कधी लिहिणार नाहीत, आणि काकूंनी लिहिलं तर त्या फार कडक लिहितील, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असं समजावं. चुकलं तर माफ करावं. संगीताचं तर चुकणारच आहे.

काका म्हणजे माझे कोणी नातेवाईक नव्हेत. ते माझे घरमालक. आंबिवलीच्या खोलीत आम्ही पाच भावंडं, आणि अभ्यासाला बसायची जागा म्हणजे मोरीचा कट्टा. म्हणून वडिलांनी कारखान्यातल्या एका साहेबांच्या ओळखीनं माझी सोय डोंबिवलीला लावली. पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर काकांचा ब्लॉक होता, त्याच्या गॅलरीला काचा लावून घेतलेल्या, आणि त्या गॅलरीत एक कॉट. आंबिवली ते डोंबिवली काही फार लांब नाही. पण मी ट्रंक घेऊन निघालो तेव्हा आई विलायतेला पाठवल्यासारखी रडली. मीही थोडा रडलो, कारण पाठवणीला रडायचं असतं एवढं मला माहीत होतं.

पहिल्या भेटीत काकांनी मला मार्क विचारले नाहीत, गाव विचारलं नाही, मासे खातो का विचारलं नाही.

"घोरतोस?"

"नाही."

"झोपेत बडबडतोस?"

"नाही."

"रविवारी सकाळी खोकतोस?"

खोकला वार बघून येत नाही असं मी म्हणणार होतो, पण शहाणपणा नको म्हणून "नाही" म्हणालो. शिंकेचं त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. ते पुढे फार महागात पडलं.

माझं नाव त्यांनी एकदा विचारलं आणि पुन्हा कधी वापरलं नाही. मी 'कॉलेज' झालो. "काय कॉलेज, चालू आहे?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार. काय चालू आहे ते ते सांगत नसत. आपण "चालू आहे" म्हणायचं, मग ते समाधानानं पेपर उघडत. ठाण्याला एका पंपांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टेस्टिंगला गेलेली; त्या प्रश्नाचा उगम तिथं असावा. अंगाने शिडशिडीत, कायम पांढरा बुशशर्ट, आणि खिशाला पेनाऐवजी पेन्सिल. ती लिहायला नव्हती, कॅसेटची सैल झालेली फीत गुंडाळायला होती.

डोंबिवलीत दगड भिरकावला तर तो गवयाला लागतो, नाहीतर गवयाच्या शिष्याला. काकू त्यातल्याच. संध्याकाळी त्यांच्याकडे मुली गाणं शिकायला येत, पेटी वाजे, तानपुरा लागे. काका त्या वेळी स्वयंपाकघरात पाट टाकून बसत आणि काकू स्वतः गायला लागल्या की दारातून दिसेल अशी मान हलवत. एवढीच त्यांची दाद. 'वाहवा' नाही, 'क्या बात है' नाही. संसार उभा राहिला, मुलगी सासरी गेली, पण त्यांच्या तोंडून एक 'वाहवा' निघाली नव्हती. त्यांचं तत्त्वज्ञान असं:

"कॉलेज, आपल्याकडे एक जण गातो आणि पन्नास जण माना हलवतात. तिकडे पन्नास जण वाजवतात आणि मान हलवायला कोणी शिल्लक राहत नाही. म्हणून मला तिकडचं आवडतं. सगळे कामावर असतात."

"सगळे कामावर असतात म्हणून नुसता कारखान्यासारखा आवाज येतो," काकू आतून म्हणत.

हे 'तिकडचं' काकांनी ऐकलं होतं कुठे, तर टीव्हीवर. त्या वर्षांत रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची. अंतराळयान, त्यात चंदेरी कपडे घातलेली माणसं, आणि दर आठवड्याला नवा ग्रह. मुलं त्यातल्या बंदुकांसाठी बघत. काका त्यातल्या संगीतासाठी. यान तळावरून सुटलं की मागे एक मोठा वाद्यवृंद सुरू होई. कप्तान खिडकीतून एकटाच काळोखाकडे बघायला लागला की त्याच वृंदातलं एक वाद्य हळू आवाजात काहीतरी सांगू लागे. काकांनी पहिल्या दोन-तीन रविवारांतच ओळखलं की हे तुकडे सुटे नाहीत.

"एकच ओळ आहे बघ. कधी पोलिसाच्या वेषात येते, कधी भिकाऱ्याच्या. पण माणूस तोच. ही एक अख्खी सिंफनी आहे, आणि हे लोक आपल्याला तिचे लचके दाखवतायत."

तिचं नाव काय, रचना कोणाची, हे कळायला मार्ग नव्हता. मालिकेच्या शेवटी पाट्या यायच्या, पण त्या इतक्या भरभर वर जात की काकांच्या चष्म्याला झेपत नसत. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेज. माझी शाळा मराठी, इंग्रजी वाचन बोट ठेवून. मी 'म्युझिक' एवढं वाचेपर्यंत तो माणूस वर निघून गेलेला असे. असे कित्येक रविवार गेले. "काय कॉलेज, दिसला?" "पुढच्या वेळी नक्की, काका." ही मालिका कोणती आणि ती सिंफनी कोणती, ते आज मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. जाणकारांनी एव्हाना ओळखलं असेल आणि ते हसत असतील. नाव सांगून त्यांना माझ्या आणखी चुका कशाला दाखवू?

त्यातून काकूंचा वेगळा ताप होता. त्यांना संगीताशी कर्तव्य नव्हतं, पण गोष्ट कळायला हवी असे. "काय म्हणतो रे तो?" असं त्या मला विचारत. कॉलेजात जाणाऱ्याला इंग्रजी कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती मोडायचा मला धीर नव्हता. मी अंदाजानं सांगत गेलो. कप्तान म्हणतोय, आता घरी जाऊ. ती म्हणतेय, आधी जेवून घ्या. एका रविवारी काकू उसळल्या.

"अरे, मागच्या आठवड्यात तू म्हणालास तो तिचा भाऊ आहे!"

"हो, काकू."

"मग आज तिच्याशी लग्न कसं करतोय?"

मी म्हणालो, "त्या ग्रहावर चालत असेल." काकूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यानंतर त्यांनी मला मालिकेबद्दल काही विचारलं नाही, पण पानात वाढताना "घे रे, भावा" असं म्हणत.

काकांनी ठरवलं की मालिकेतले सगळे तुकडे टेप करायचे, ते जोडायचे, आणि आपली सिंफनी आपणच उभी करायची. टीव्हीतून टेपमध्ये थेट वायर जोडायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. काकांनी टेपरेकॉर्डरचा माईक झाडूच्या दांड्याला बांधला, दांडा दोन डब्यांवर आडवा ठेवला, आणि तो टीव्हीच्या जाळीसमोर आणला. त्यामुळे टीव्हीचा आवाज जसा टेप होई, तसा बिल्डिंगचाही होई. म्हणून रविवारी सकाळी काकांचा कर्फ्यू लागायचा. पंखा बंद. दाराच्या फटीला उशी. मालिका सुरू व्हायच्या आत काका जिन्यात उभे राहून जाहीर करत, "कुकर उतरवा!"

समोरच्या ब्लॉकमध्ये वहिनी राहत. मूळच्या मालवणकडच्या, रविवारी त्यांच्याकडे मटणाचा कुकर असे, आणि तो काकांच्या म्हणण्यानं उतरणं शक्य नव्हतं.

"काय ओ काका, तुमचं विमान सुटतं म्हणून आमचं मटण कच्चं ठेवू?"

"विमान नाही, यान."

"यान तर यान. तीन शिट्ट्या तरी होऊ द्या ना!"

असं होता होता तुकडे जमले. प्रत्येक तुकड्याला काकांनी नाव दिलं होतं, ते त्यातल्या संगीतावरून नव्हे, त्यात घुसलेल्या आवाजावरून. एक 'वहिनींची शिट्टी'. एक 'रद्दीवाला'. एक 'जिन्यातलं भांडण', त्यात सगळ्यात जोराच्या चालीवर कोणीतरी कोणाला तरी पाण्याच्या टाकीवरून शिव्या देतंय, आणि ते फार शोभतं. काका मला बसवून हे सगळं ऐकवत. मी डोळे मिटून ऐकत असे. डोळे मिटणं हे मला काकूंच्या क्लासवरून माहीत झालं होतं. एकदा तसाच झोपलो. जाग आली तेव्हा काका म्हणाले, "घोरत नाही म्हणाला होतास."

आता शिंकेचं सांगतो. काका ज्याची वाट बघत होते तो तुकडा म्हणजे सिंफनीच्या संथ भागातली एक अखंड लांब ओळ. ती एक वाद्य वाजवायचं, ज्याला काका सनईची मावशी म्हणत. दर वेळी ओळ अर्ध्यावर आली की कप्तान बोलायला लागे. पण एका रविवारी कप्तान आजारी होता, बेशुद्ध पडलेला, म्हणजे बोलण्याची भीती नव्हती. मावशीनं सुरुवात केली. वहिनी माहेरी गेलेल्या. रद्दीवाला फिरकला नव्हता. काका माईकशेजारी गुडघ्यांवर बसलेले, हात जोडल्यासारखे. ओळ अर्धी झाली, पाऊण झाली, आणि बंद पंख्यावरची धूळ माझ्या नाकात गेली की काय कोण जाणे, मी शिंकलो. एक नाही. मी एकदा शिंकून कधीच थांबत नाही.

 काका उठले, टेप बंद केला, आणि गॅलरीत जाऊन माझ्या कॉटवर बसले. मला वाटलं, आता ट्रंक भरायला सांगतात. दोन-तीन दिवस 'चालू आहे?' बंद होतं. मग एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला, शेवटपर्यंत ऐकला, आणि म्हणाले, "दुसरी शिंक तालात आहे." त्या तुकड्याचं नाव 'कॉलेज' पडलं. माझ्या नावानं जगात एवढी एकच गोष्ट आहे.

वहिनींचा भाऊ दुबईहून मोठा टेपरेकॉर्डर घेऊन आला, तो मागून घेऊन काकांनी सगळे तुकडे त्यांच्या मते बरोबर क्रमानं एका कॅसेटवर उतरवले. सुरुवात होती, जोराचा भाग होता, संथ भाग होता, पुन्हा चढत जाणारा भाग होता. नव्हता तो शेवट. मालिकेत यान निघताना संगीत वाजे आणि ते वर चढून आता काहीतरी होणार असं वाटलं की संवाद सुरू होत. काकांची सगळी भिस्त मालिकेच्या शेवटच्या भागावर होती. "शेवटी तरी शेवट वाजवतील की नाही?" आणि मग एका रविवारी मालिकेच्या जागी क्रिकेटची मॅच लागली, पुढच्या रविवारी भलतंच काहीतरी लागलं, आणि यान आकाशात जिथं होतं तिथंच राहिलं.

काका एवढे का खचले, ते मला त्या वेळी कळलं नाही. वाटलं, म्हातारपणचा छंद आहे, दुसरा मिळेल. काही दिवसांनी ते म्हणाले, "कॉलेज, ठाण्याला चल. जुन्या कंपनीत काम आहे." आम्ही गेलो ते कंपनीत नाही, कानाच्या डॉक्टरांकडे. सोबत मी कशाला, तर बाहेरच्या बाईनं नाव पुकारलं की ते ऐकायला. डॉक्टरांनी काकांच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात काही शब्द म्हटले आणि ते परत म्हणायला सांगितले. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात सगळे म्हटले. काका पहिल्या दोनानंतर गप्प बसले होते.

डॉक्टर मला म्हणाले, कारण मोठ्यानं बोलावं लागू नये म्हणून ते माझ्याशीच बोलत होते, "उजवा फारसा राहिलेला नाही. डावा हळूहळू जाईल. वरचे, बारीक आवाज आधी जातात. खालचे, जाड आवाज बराच काळ राहतात."

बाहेर पडून आम्ही तलावपाळीला कठड्यावर बसलो. काकांनी भेळ घेतली.

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बिनचूक भाषांतर असावं.

"काही वर्षं आहेत म्हणजे," काका म्हणाले. "कॉलेज, मला गोष्टीचा शेवट नसला तरी चालतो. कप्तान मेला काय आणि घरी पोचला काय. पण या लोकांनी एवढं सगळं उचलून वर नेलंय ना, ते खाली कसं ठेवतात, तेवढं मला ऐकायचंय. कान जायच्या आत." मग भेळेचा कागद चुरगाळून म्हणाले, "आणि काकूंना सांगायचं नाही. ती गाते तेव्हा मी मान हलवतो, तेवढं तिला पुरतं."

मी वचन दिलं. घरी आलो, तर काका हात-पाय धुवायला गेल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी गळाठलोच. "काकू, तुम्हाला कसं..."

"अरे, नवरा बहिरा होतोय हे बायकोला कळत नाही होय? वर्षभर चुकीच्या ठिकाणी मान हलवतोय. समेला हलायची ती कधीही हलते. मुली हसतात." आणि पदरानं पेटीवरची धूळ पुसत म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. हलवू दे."

अशी माझ्याकडे एकाच घरातली दोन गुपितं आली, आणि दोन्ही एकच होती.

तेव्हापासून सिंफनी शोधणं हे माझं काम झालं. फोर्टात परदेशी रेकॉर्डचं एक मोठं दुकान आहे, असं मी कॉलेजात ऐकलेलं. काकांची कॅसेट घेऊन गेलो असतो तर काम पाच मिनिटांत झालं असतं. पण "ती घराबाहेर जाणार नाही, फीत अडकली तर?" असं काका म्हणाले, आणि त्यावर अपील नव्हतं. मग ठरलं की मी ती ओळ पाठ करून जायचं आणि दुकानात गुणगुणून दाखवायची.

"अगं, याच्याकडून तेवढी ओळ बसवून घे," काका म्हणाले.

"माझ्या गळ्यातून ते पिपाणीपुराण निघायचं नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या गुरूंना वर जाऊन काय तोंड दाखवू?"

मी स्वतःच बसवली. दुकान थंडगार होतं. काउंटरमागे टाय लावलेला माझ्याच वयाचा माणूस.

"कोणाची हवी?"

"अंतराळयानाची."

"कंपोझर कोण?"

"तेच विचारायला आलोय."

त्याला माझी दया आली असावी. "गुणगुणून दाखवा," तो म्हणाला. मी रुमालानं तोंड पुसलं आणि सुरू केलं. शेजारच्या गिऱ्हाइकानं कानावरचा हेडफोन काढला. मी जन्मात गायलो होतो ते फक्त गणपतीत, आंबिवलीच्या मंडळात, आणि माझ्या गळ्याला तेवढी एकच वाट माहीत होती. टायवाल्यानं अदबीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"सर, यात पुढे टाळ्या वाजवायच्या आहेत का?"

"का?"

"नाही, आरती वाटतेय."

तरी त्यानं मला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. "ही बरेच लोक नेतात," म्हणून एक कॅसेट दिली. काकांनी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली.  शेवटी म्हणाले, "हा तो नव्हे. पण हाही माणूस वाईट नाही." आणि त्यांनी ती जपून ठेवली.

त्यानंतर मी सेकंड क्लास मिळवला, नाशिकला एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, माझं लग्न झालं. डोंबिवलीला वर्षातून एकदा जाई. दर वेळी काका थोडे मोठ्यानं बोलत आणि मी बराच मोठ्यानं; गुपित असं त्या घरात आता उरलंच नव्हतं. "सापडली?" "शोधतोय." हे खरंही होतं आणि नव्हतंही. माणूस नोकरीत किती शोधतो?

सापडली ती अशी, की तिनंच मला शोधलं. नाशिकला मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलो होतो. त्यांच्या दवाखान्यात हळू आवाजात कॅसेट चालू असे. तोंडात कापूस, वर दिवा, आणि एकाएकी सनईची मावशी. मी उठून बसलो.

"दुखलं?"

मी मान हलवली आणि बोट वर करून, कापसातून, हे काय आहे असं विचारलं.

"अक्कलदाढ," डॉक्टर म्हणाले.

दाढ काढून झाल्यावर उलगडा झाला. भला माणूस. त्यानं कॅसेटची नक्कल करून दिली, नाव लिहून दिलं. त्या संध्याकाळी सुजलेल्या गालानं मी ती घरी पूर्ण ऐकली. काकांचा क्रम जवळजवळ बरोबर होता. आणि शेवट होता. त्याबद्दल मी काय सांगू? संपली म्हणून मी हात उचलले, तर ती पुन्हा उठली. पुन्हा उचलले, पुन्हा उठली. बायको म्हणाली, "डास मारताय का?"

पुढच्याच रविवारी मी डोंबिवलीला. काका दारातच. कानात मशीन नव्हतं. ते लावलं की सगळं जग पंपहाऊस होतं, म्हणून काढून टाकलेलं. मी कॅसेट पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट केली, नाव वाचलं, ते नाव दोन-तीनदा स्वतःशीच म्हटलं. मग टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, आवाज पूर्ण वर केला आणि डावा कान जाळीला लावला. भिंती हादरत होत्या. काका बराच वेळ तसेच बसले.

"ढोल येतायत," ते म्हणाले. "आणि ती मोठी सारंगी असते ना, उभ्यानं वाजवतात ती. तिची गुरगुर येतेय. बाकीचे कुठे गेले रे?"

"आहेत काका. वाजवतायत," मी ओरडलो.

"असतील." त्यांनी टेप बंद केला. "तू ऐकलास ना शेवट? कसा आहे, सांग."

बीएस्सी झालेला माणूस मी. मी म्हणालो, "आधी हळू होतं, मग मोठं होतं." काका वाट बघत राहिले.  शेवटी मी तो गाऊन दाखवायला लागलो, त्यांच्या कानाशी, ओरडून. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ऐकू काही येत नाही," ते म्हणाले, "पण जबडा आरतीचाच हलतोय."

आम्ही दोघं हसलो. ते जास्त हसले, मला बरं वाटावं म्हणून. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हसल्या नाहीत. मी चपला घालत होतो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "कॅसेट ठेवून जा."

नंतर बरेच महिने मी डोंबिवलीकडे फिरकलो नाही. जाऊन करणार काय? मग कल्याणला एका लग्नात जेवणाच्या रांगेत मागून हाक आली, "काय ओ कॉलेज, ओळख विसरलात?" समोरच्या वहिनी. मी काका-काकूंची चौकशी केली.

"चांगलेयत. पण तुम्ही ती कॅसेट दिलीत आणि काकूंचं डोकं फिरलं बघा," वहिनी म्हणाल्या. "रोज दुपारी पेटी घेऊन बसायच्या. टेप पुढे, टेप मागे, टेप पुढे, टेप मागे. एक एक सूर काढायचा आणि सोडायचा. क्लासला सुट्टी दिली की ओ मुलींना! मी विचारलं, काकू, नाटकात घेतलं का तुम्हाला? तर म्हणतात, गप बस, हे सगळं वरचं खाली आणायचंय."

"खाली?"

"ते तुम्हालाच ठाऊक. मला काय कळतंय? मग एक दिवस दार उघडं होतं, वाटीभर साखर मागायला गेले. तर काका खुर्चीत, आणि काकू त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून गातायत. गातायत म्हणजे काय, पुरुषासारखा आवाज ओ! इतका खाली, इतका खाली. मी म्हटलं, घसा बसला की काय यांचा!"

खर्ज. तेवढं मला कळलं. काकू मुलींकडून घोटून घेत तो खालचा आवाज. पन्नास जणांचं वाजवणं त्यांनी एकट्या गळ्यात, काकांना ऐकू येईल तेवढ्या खाली उतरवून आणलं होतं.

माझ्या हातात रिकामी ताटली होती आणि रांग पुढे सरकत होती. मी विचारलं, "मग वहिनी, शेवट ऐकला का काकांनी?"

"कुठला शेवट ओ! शेवटाच्या जरा आधी एक कुठलीशी जागा आहे म्हणे. तिथं आल्या की काका त्यांचा हात धरतात. म्हणतात, 'थांब. वाहवा. ही जागा परत घे.' त्या घेतात. हे परत म्हणतात, 'परत घे.' असं करता करता कुकर लावायची वेळ होते, त्या उठतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून."

"काकू चिडत नाहीत?"

"चिडतात तर! म्हणतात, 'अहो, तुमचा शेवट राहिला ना!' तर काका म्हणतात, 'राहू दे गं. तू ही जागा घे.'"